वाऱ्याच्या कढईचा पहिला घाणा

हळ्ळीखेडच्या स्टँडवर गुरुशांतप्पा कढईकडे पाठ करून मिरची तळायचा. नव्या माणसाला ते बघून धडकी भरायची. तेल कढलेलं, मिरच्या त्यात पोहतायत, आणि हा गडी तोंड रस्त्याकडे करून हुमनाबादच्या गाडीतून उतरलेल्या कुणाशी तरी सोयरिकीच्या गप्पा मारतोय. मग बोलता बोलता मान जराशी तिरकी व्हायची, हात मागे जायचा, झारा तेलात बुडायचा आणि मिरच्या वर यायच्या. एक कच्ची नाही, एक करपलेली नाही.

"अण्णा, पाठीला डोळे फुटलेत का तुमच्या?" कुणीतरी विचारायचंच.

"डोळ्याचं काय काम हाय त्यात? तेल सांगतंय की."

तेल सांगायचं ते असं. ओलं काही पडलं की ते गलका करतं, बाजारात भांडण लागल्यासारखं. आतलं पाणी उडत जाईल तसा गलका बारीक होतो. मग चुरचुर. मग नुसती कुजबुज. ती कुजबुज मिटायच्या आधी झारा घातला तर माल कुरकुरीत. मिटल्यावर घातला तर गेला. एवढंच शास्त्र. पण स्टँडवर हॉर्न वाजतायत, कंडक्टर बोंबलतोय, टेपवर गाणं लागलंय, त्यातून ती कुजबुज वेगळी काढायची तर कान तसा पाहिजे. गुरुशांतप्पाचा होता. निर्ण्याहून भावाभावांतल्या रानाचा नाद सोडून हा पोरसवदा गडी इथं आला, लिंबाखाली तीन दगड मांडून बसला, दगडांच्या जागी पुढं हातगाडी आली, त्याला उमर झाली. निम्म्या तालुक्यानं त्याच्या हातची सुसला-मिरची, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुसला आणि पिठात घोळून तळलेली मिरची, खाल्ली, आणि लग्न ठरवायला निघालेली माणसं त्याच्याकडं प्लेट खाल्ल्याबिगर पुढं गेली नाहीत.

चन्नवीर त्याच्याच हाताखाली शिकला आणि मोठा झाल्यावर रस्त्यापलीकडं स्वतःची गाडी लावली. गाव म्हणालं, आता जुंपणार. जुंपली नाही. पहिल्या दिवशी चन्नवीरची चूल गुरुशांतप्पानंच पेटवून दिली. टोमणे मात्र कायमचे राहिले.

"अण्णा, तुमची गिऱ्हाइकं माझ्याकडं यायलेत बगा."

"येऊ दे. औषध घ्यायला परत माझ्याकडंच येत्यात."

शिवरात्रीला दोन्ही गाड्यांवर मिरची बंद. त्या दिवशी गुरुशांतप्पा लोखंडी कढई राखेनं घासून लख्ख करायचा, करडीचं नवं तेल ओतायचा आणि कढई सरळ गावच्या मठात न्यायचा. उपवास धरलेल्या समद्यांचा संध्याकाळचा फराळ म्हणजे त्याच्या हातच्या रताळ्याच्या काड्या. बोटभर लांब, वर तिखट-जिऱ्याची धूळ, बाहेरून कडक, आत मऊ. पहिला घाणा पितळी ताटात निघायचा. तो लिंगापुढं, मग मठातल्या अप्पांपुढं, म्हणजे स्वामींपुढं, आणि मग पंगतीला. आधीच्या थोरल्या अप्पांनी एका वर्षी ती काडी तोंडात घालून म्हटलं होतं, "गुरुशांता, पयला घाणा दरसाली तुझ्याच हातचा." तेव्हापासून ते ठरलंच. गुरुशांतप्पाला कुणी कधी हार घातला नाही, फेटा बांधला नाही. त्याचा मान त्या पितळी ताटात होता, आणि वर्षभर तो त्याला पुरायचा.

दिवाळी सरली आणि एका सकाळी कढईपुढंच त्याच्या छातीत कळ आली. झारा हातात घट्ट धरून तो खाली बसला. मुलगा संगमेश कडगंचीच्या विद्यापीठात नोकरीला. तो गाडी घेऊन धावत आला, बापाला कलबुर्गीला नेलं. डॉक्टरनं नळी घातली, जीव वाचवला आणि घरी सोडताना कानडी आणि दखनीची मिसळ करून सांगितलं, "अण्णा, भट्टी साकु, बस हुआ. धुआँ नक्को, तेल नक्को. कढईसामने तो बिलकुल खडा नै रहना."

गुरुशांतप्पानं मान हलवली. पण त्या मान हलवण्यावर सावित्रम्माचा काडीचा विश्वास नव्हता. एवढा संसार केलेला, नवऱ्याची कोणती मान खरी आणि कोणती खोटी हे तिला कळत होतं. घरी आल्यावर तिनं सकाळपर्यंत वाट बघितली. सकाळी तो आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसला, तेव्हा समोर येऊन उभी राहिली.

"आता म्हणा. कढईम्होरं उभारणार न्हाई."

"अगं, पूजेत हाय मी."

"म्हणून तर आता म्हणा म्हनायले."

त्यानं लिंगाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "न्हाई उभारणार," म्हणाला. तळहातावर लिंग असताना दिलेला शब्द त्या घरात कुणी मागं घेत नाही. हे तिलाही ठाऊक, त्यालाही. गाडीवर ताडपत्री पडली.

मग तो दिवसभर लिंबाच्या कट्ट्यावर बसू लागला. तोंड गावाकडं, कान रस्त्यापलीकडं. चन्नवीर गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंगला की इकडून हाळी यायची, "काढ की रे! करपायलीय!" गिऱ्हाइकं हसायची. चन्नवीर चिडायचा, "बसा की गप अण्णा, आराम करा," म्हणायचा, आणि हात मात्र झाऱ्याकडं जायचाच. कारण खरंच करपायला आलेली असायची.

शिवरात्र जवळ आली तसा चन्नवीर एका दुपारी घरी आला. पायरीवर बसला, तांब्यातलं पाणी प्याला, मान खाजवली.

"अण्णा, औंदा मठात कढई मी लावतो."

"लाव की. कुणीतरी लावाच लागतंय."

"आणि पयला घाणा..." त्यानं सावित्रम्माकडं बघितलं. "तो बी मीच काढू का? तुमचं नाव घेऊन काढतो."

गुरुशांतप्पा आत उठून गेला. चन्नवीरला वाटलं अण्णा रागावले. सावित्रम्मा म्हणाली, "राग न्हाई बाबा त्यो. जा तू. बघू."

रात्री जेवताना गुरुशांतप्पानं ताट सरकवलं. ताटात उकडलेलं होतं, रोजच्यासारखं. "नाव घेऊन काढतो म्हने," तो म्हणाला. "नाव घेऊन घाणा निघतंय व्हय? हात लागाया पायजे. अप्पांनी हातचा म्हटलं व्हतं."

"हात जळला तर चालंल, पर तुमची छाती न्हाई जळू द्यायची मला," सावित्रम्मा म्हणाली.

आणि मग सून सुधारानी आली. कडगंचीहून, संगमेशबरोबर, मांडीवर एक खोकं घेऊन. खोक्यातून काळं, गुळगुळीत, पोटुशीसारखं गोल यंत्र निघालं. खाली ड्रॉवरसारखी टोपली.

"मामा, हे एअर फ्रायर. ह्याच्यात चमचाभर तेल पुरतंय. धूर न्हाई, जाळ न्हाई. आतला पंखा गरम वारं फिरवतो."

गुरुशांतप्पानं टोपली ओढून बघितली, आत हात घातला, वर बघितलं. "तेल कुठं ओतायचं?"

"ओतायचं न्हाई. रताळ्याला चोळायचं."

"मग तळायचं कशात?"

"वाऱ्यात."

त्यानं बायकोकडं बघितलं. सावित्रम्मा पदर तोंडाला लावून हसत होती. "चांगलं हाय की. वाऱ्याची कढई. शपथ कढईम्होरं उभारायची न्हाई म्हणून हाय, वाऱ्याम्होरं उभारायला कुनाची ना हाय?" तिनं तिथल्या तिथं यंत्राच्या पोटावर विभूतीची तीन बोटं ओढली, आणि यंत्र घरातलं झालं.

पहिला प्रयोग त्याच संध्याकाळी. रताळी काड्यांसारखी कापली, तेल चोळलं, वर सवयीनं मूठभर तिखट-जिऱ्याची पूड भुरभुरवली आणि टोपली सरकवली. कढईत अशी पूड शेवटी टाकायची हे त्याला झोपेतही ठाऊक. पण हे यंत्र म्हणजे जादू, आधी घालून ठेवा म्हणजे झालं, असं त्याच्या डोक्यात बसलं. पंखा फिरला. आतली कोरडी पूड वाऱ्यावर उडाली, तापल्या जाळीला चिकटली आणि जळाली. दोन मिनिटांत घरभर ठसका. संगमेश खोकत अंगणात, सुधारानी डोळे धरून परसात. शेजारची ईरम्मा भिंतीवरून ओरडली, "काय गं सावित्रे, दृष्ट काढायलीस का कुनाची?"

"व्हय," सावित्रम्मा खोकत म्हणाली, "ह्यांच्या यंत्राची."

दुसऱ्या दिवशी पूड बाजूला राहिली. पण खरी अडचण वेगळीच निघाली. यंत्र एकाच सुरात घुंऽऽ करत बसलं. गुरुशांतप्पानं मान तिरकी केली. घुंऽऽ. कान जवळ नेला. घुंऽऽ. आत रताळं ओलं आहे की वाळलं, शिजलं की करपलं, काहीच नाही. त्यानं टोपली ओढली. पंखा थांबला. आत बघितलं, परत ढकलली. थोड्या वेळानं परत ओढली. परत. दर खेपेला गरम हवा भसकन् बाहेर, आणि काड्या आपल्या जागी घाम फुटल्यासारख्या. शेवटी निघाल्या त्या लुळ्या, ओल्या, कडेनं मात्र काळ्या.

"मामा, सारखी टोपली कामून उघडायलाव?" सुधारानीनं विचारलं.

"ऐकू येईना मला काही."

"ऐकायचं काय असतंय त्यात? वेळ लावायची की."

"वेळ लावून कुठं तळत असत्यात व्हय?" तो एवढंच म्हणाला, पण आवाजात नेहमीची खोडी नव्हती. त्यानं लुळी काडी हातात धरून उलटीपालटी केली. "मुकं हाय गं हे," म्हणाला. "मुक्यासंगं कसं बोलायचं?"

सुधारानी हसली नाही. तिला सासऱ्याचा कान ठाऊक होता. लग्नानंतर पहिल्यांदा ती स्टँडवर गेली तेव्हा पाठमोरा झारा चालताना बघून ती जागच्या जागी थांबली होती. ती शाळेत मास्तरीण. सोमवारी वर्गात मुलांना तिनं तेच सांगितलं होतं, माझे मामा कानानं तळतात म्हणून. तिनं यंत्राबरोबरचं चोपडं चाळलं. "मामा, मध्ये एकदा टोपली हलवायला सांगितलंय. पाखडल्यासारखी. सगळ्या बाजूनी वारं लागावं म्हणून. तेवढ्यापुरती ओढा. बाकी हात लावू नका."

पुढच्या खेपेला सावित्रम्मानं काड्या आधी पाण्यात भिजवल्या, मग धोतराच्या धडप्यावर पसरून कोरड्या टिपल्या, सांडगे वाळत घालते तशा. वरून शिंगाड्याच्या पिठाचा हात फिरवला. टोपलीत एकावर एक घातल्या नाहीत, सुट्या मांडल्या. गुरुशांतप्पा हात मांडीवर ठेवून बसला, शाळेत बसल्यासारखा. निम्मा वेळ झाल्यावर सुधारानी म्हणाली, "आता."

त्यानं टोपली ओढली आणि पाखडली. थप थप थप.

त्याची मान तिरकी झाली.

"काय झालं?" सावित्रम्मानं विचारलं.

"थांब." त्यानं पुन्हा एकदा पाखडली. थप थप. ओलं होतं. पोटात पाणी असलेलं रताळं जाळीवर असंच आपटणार. त्यानं टोपली आत सरकवली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं, सुधारानीनं न सांगता, त्यानं ती परत ओढली. थप नव्हतं आता. खुळ्‌, खुळ्‌. जरा धीर धरला. तिसऱ्यांदा पाखडली तेव्हा टोपलीतून जो आवाज आला तो ह्या मुलखातल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून ओळखायला सांगा. माघात रानातून चालताना वाळल्या तुरीच्या शेंगा पायाशी खुळखुळतात, तो.

"तूर!" गुरुशांतप्पा ओरडला. "वाळली गं तूर! आईक!" आणि त्यानं टोपली बायकोच्या कानाशी नेली.

"भाजंल की माझा कान!" सावित्रम्मा मागं सरली. पण ऐकलं तिनं. काड्या ताटात निघाल्या, गरम असतानाच वर तिखट, जिरं, मिरं आणि सैंधव पडलं. एक काडी मोडली तर कट्‌ वाजली. आत पिवळीधम्मक, मऊ. सावित्रम्मानं खाल्ली, चघळली, गिळली. तिला नवऱ्याचं कौतुक तोंडावर करायची सवय नव्हती.

"मीठ जरा कमी हाय," म्हणाली, आणि दुसरी उचलली.

मग शिवरात्रीपर्यंत त्या घरात रताळ्यांची रास सरली नाही. ईरम्मानं खाल्लं, पोस्टमननं खाल्लं, दूधवाल्यानं खाल्लं. गुरुशांतप्पा आता यंत्राकडंही पाठ करून बसू लागला. मध्येच उठायचा, टोपली एकदा हलवायचा, मान तिरकी करायचा, "आजून ओलं हाय," म्हणून परत बसायचा. चुकायचा नाही.

शिवरात्रीला दिवेलागणीच्या आधी तो मठात पोचला. अंगात धुतलेला सदरा, कपाळभर विभूती, डोक्यावर यंत्र. मागं सावित्रम्मा, तिच्या हातात चोळलेल्या काड्यांचं पातेलं आणि घासलेलं पितळी ताट. ओट्यावर बसलेल्या मंडळींना ते चालत आलेलं खोकं बघून राहवलं नाही.

"अण्णा, रेडिओ आणलाव का बातम्या ऐकायला?"

"न्हाई, तुला त्यात बसवायला आणलंय. लई गार पडलायस."

अमरनाथ मास्तर, मठाची व्यवस्था बघणारे, यंत्राभोवती एक फेरी मारून आले. "गुरुशांतप्पा, जाळ न्हाई, तेल न्हाई. ह्याला लिंगापुढं ठेवायचं?"

"मास्तर, हात हाय की," सावित्रम्मा पुढं होऊन म्हणाली. "थोरल्या अप्पांनी तेल म्हणलं नव्हतं, हातचा म्हणलं व्हतं. तुमी बी तवा पंगतीत व्हताव." मास्तर होते खरेच. त्यांनी भिंतीतलं बटण तेवढं दाखवलं.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चन्नवीरनं कढई चढवली होती. तीच लोखंडी, राखेनं घासलेली. तेल तापून तयार. घमेलंभर काड्या बाजूला. आत गाभाऱ्यात भजन रंगात आलेलं, टाळ, मृदंग, ढोलकी, बाहेर पोरंटोरं, बाया, शे-दोनशे माणसांचा कालवा. गुरुशांतप्पानं टोपली सरकवली आणि बटण दाबलं.

निम्मा वेळ झाला. त्यानं टोपली ओढली आणि पाखडली.

काहीच ऐकू आलं नाही. ढोलकी.

परत पाखडली. टाळ. स्टँडवरच्या हॉर्नमधून तो तेलाची कुजबुज काढायचा, पण ते तेल त्याच्या ओळखीचं होतं. ही तूर अजून नवी होती, बारीक आवाजाची. आणि सारखी टोपली उघडी ठेवली तर काड्या लुळ्या पडणार. तो यंत्रापाशी वाकून बसला, कानामागं हात धरून. सावित्रम्माला ते बघवेना. चुकला तर काळी किंवा ओली काडी लिंगापुढं जाणार, आणि ह्या माणसाचा पुढचा सगळा जन्म ते ताट आठवण्यात जाणार, हे तिला दिसत होतं.

तेल तापून धुरावायला लागलं होतं. कुणीतरी चन्नवीरला म्हणालं, "अरे, सोड की काड्या. लोकं उपाशी हायत." चन्नवीरनं झारा हातात धरला होता, पण काड्या तेलात सोडल्या नव्हत्या. तो अण्णाकडं बघत होता. त्या कानामागच्या हाताकडं. त्यानं चुलीतली दोन लाकडं मागं ओढून जाळ कमी केला, झारा कढईच्या काठावर आपटला आणि सगळं अंगण दणाणेल असा ओरडला,

"गप बसा की रे समदे! अण्णाला ऐकू द्या!"

पोरं गप्प. बाया गप्प. आतले टाळ थांबले, ढोलकीवरचा हात हवेत राहिला. भजनी मंडळी काय झालं म्हणून दारात आली. अप्पाही आले, दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. सगळ्या मठात एक यंत्राची घुंऽऽ तेवढी.

गुरुशांतप्पानं कुणाकडं बघितलं नाही. थोडं थांबला. टोपली ओढली. पाखडली.

थप, खुळ्‌, थप.

आत सरकवली. अंगणातल्या एकाही माणसानं पाय हलवला नाही. परत ओढली.

खुळखुळ खुळखुळ.

आता तो आवाज एकट्या गुरुशांतप्पाला आला नाही. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना आला, दारातल्या टाळकऱ्यांना आला. रानात उभी हयात गेलेली माणसं ती. "आरं, तूर," कुणीतरी हळूच म्हणालं. "तूर वाजायलीय."

काड्या पितळी ताटात उतरल्या. त्यानं वरून तिखट-जिऱ्याची चिमूट सोडली, सैंधव सोडलं, आणि ताट दोन्ही हातांनी उचललं. लोकांनी वाट दिली. ताट लिंगापुढं ठेवलं, मग अप्पांपुढं धरलं. अप्पांनी एक काडी उचलून मोडली. कट्‌. खाल्ली. मग अजून एक उचलली, आणि ती तोंडात न घालता गुरुशांतप्पाच्या हातावर ठेवली.

"डॉक्टरनं ह्याला ना म्हटलंय का?"

"न्हाई अप्पा. हे चालतंय."

"मग खा. तुझ्या हातचं तू कधी खाल्लास ह्या मठात? दरसाली आमालाच वाढत आलास."

त्यानं खाल्ली. सावित्रम्मा पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून बाजूला गेली.

अंगणात चन्नवीरनं जाळ परत मोठा केला, काड्यांची ओंजळ कढईत सोडली आणि तेलानं भांडण लागल्यासारखा गलका केला. गुरुशांतप्पा बाहेर आला. कढईपासून लांब, धुराच्या उलट्या अंगाला, मठाच्या कट्ट्यावर बसला. कढईकडं पाठ करून. समोर पंगत मांडली जात होती, ईरम्मा पत्रावळी टाकत होती, मास्तर यंत्राची टोपली उघडून आत डोकावत होते. तो त्यांच्याशी काहीबाही बोलत होता. बोलता बोलता मान जराशी तिरकी झाली.

"काढ, चन्नवीरा."

चन्नवीरनं झारा घातला.